बैठकीच्या खोलीतील संगणकावर चित्रपट ठरावीक अंतराने अडखळतो: कारण कसे शोधावे आणि उपाय काय करावा

कमी खर्चात बैठकीच्या खोलीसाठी संगणक उभा करून तो टीव्हीला जोडणाऱ्यांना एक तक्रार वारंवार छळते. चित्र स्वच्छ दिसते, आवाज नीट येतो, फाइलही चांगली असते. तरीही मधूनच चित्राला एक बारीक हिसका बसतो आणि पुढचे सगळे पुन्हा सुरळीत चालू राहते. कॅमेरा एखाद्या दृश्यावरून संथपणे फिरत असताना किंवा शेवटची श्रेयनामावली वर सरकत असताना हा हिसका अगदी स्पष्ट जाणवतो. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या घरी हा दोष सात महिने होता आणि त्या काळात मी ज्या वस्तू बदलल्या, त्यांपैकी एकीचाही त्याच्याशी संबंध नव्हता. ज्यांच्या घरी हेच घडत असेल त्यांचे पैसे वाचावेत, या इच्छेने सगळा तपशील लिहीत आहे.

आमचा संगणक म्हणजे एका कार्यालयातून बदलून निघालेला लहान पेटीचा डेस्कटॉप आहे. त्यात दुसऱ्या पिढीचा कोअर आय ५, म्हणजे २०११ साली बाजारात आलेल्या ‘सँडी ब्रिज’ मालिकेतला प्रोसेसर, ८ जीबी रॅम, नवी घेतलेली २४० जीबीची एसएसडी आणि चित्रपटांसाठी २ टीबीची हार्ड डिस्क आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नव्हते. प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर काम चालत असे. मागच्या बाजूला एचडीएमआय नसल्यामुळे डिस्प्लेपोर्टला कन्व्हर्टर लावून ४३ इंची फुल एचडी टीव्ही जोडला. विंडोज १० वर कोडी हा प्लेअर बसवला. टीव्ही आधीपासून घरात होता. तो सोडला तर सगळा खर्च दहा हजारांच्या आत बसला. (विंडोज १० चे सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, त्यामुळे हा संगणक आम्ही फक्त चित्रपटांपुरता ठेवला आहे, बँकेचे कोणतेही काम त्यावर करत नाही.)

हिसका बसू लागल्यावर मी प्रथम एचडीएमआय केबल बदलली, मग रॅम ४ जीबीची ८ केली, नंतर चित्रपट हार्ड डिस्कवरून एसएसडीवर घेऊन पाहिले आणि शेवटी विंडोज नव्याने टाकले. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस सगळ्यांना वाटायचे की आता थोडे बरे आहे. हे वाटणे खोटे होते, कारण हिसका किती वेळाने बसतो हे कोणी मोजतच नव्हते. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट होती: काही मराठी चित्रपट एकही हिसका न बसता पूर्ण चालायचे, तर बहुतेक इंग्रजी चित्रपट अडखळायचे. त्यामुळे घरात दोष फाइलींवर जात असे.

योग्य प्रश्न विचारला तो माझ्या मामांनी. त्यांचे शिवाजी उद्यमनगरात लेथचे काम आहे. एका रविवारी जेवायला आले असताना पाच-दहा मिनिटे टीव्हीकडे बघून ते म्हणाले, “ठरल्या वेळेला येतंय काय ते, का कवाबी येतंय? आधी घड्याळ लावून बघ.” लेथवर खटका ठरावीक फेऱ्यांनी ऐकू आला तर गिअरचा एखादा दात खराब असतो, कधीही, कसाही आला तर टूल सैल आहे किंवा मालातच खडा आहे, असा त्यांचा रोजचा हिशेब. त्याच रात्री मी मोबाइलचे स्टॉपवॉच लावून सलग दहा हिसके मोजले. त्यांना सुमारे सात मिनिटे लागली, म्हणजे एका हिसक्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण बेचाळीस सेकंद. दुसऱ्या चित्रपटावर मोजले, तेव्हाही तेवढेच. रॅम कमी पडल्यामुळे किंवा केबल खराब असल्यामुळे अडखळणारे चित्र इतक्या शिस्तीने अडखळत नाही. दोन घड्याळे एकमेकांशी किंचित जुळत नसतील तरच असे घडते.

ती दोन घड्याळे म्हणजे चित्रपटाची गती आणि टीव्हीला पाठवल्या जाणाऱ्या चित्राची गती. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतला जातो, पण ब्लू-रे आणि त्यावरून बनलेल्या बहुतेक इंग्रजी फाइलींमध्ये हा वेग नेमका २४ नसून २४ भागिले १.००१, म्हणजे २३.९७६ असतो. याचे मूळ अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीत आहे. तिथे १९५३ साली रंगाचा संकेत जुन्या कृष्णधवल संकेतात बसवताना त्याचा आवाजाच्या लहरीशी संघर्ष होऊ नये, म्हणून सेकंदाला ३० चित्रांचा वेग एक हजारांशाने कमी करून २९.९७ केला गेला आणि तोच गुणक पुढे चित्रपटांच्या वेगालाही चिकटला. आपल्याकडे दूरदर्शनने १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते पाल पद्धतीवर, सेकंदाला २५ चित्रे या वेगाने, त्यामुळे ही भानगड भारतीय प्रक्षेपणात आली नाही. पण फाइलींच्या रूपाने ती आपल्या घरात पोहोचलीच.

फुल एचडी चित्र सेकंदाला नेमके २४ वेळा पाठवायचे असेल तर ग्राफिक्सच्या आतील घड्याळ ७४.२५ मेगाहर्ट्‌झवर चालावे लागते आणि २३.९७६ वेळा पाठवायचे असेल तर ७४.१७६ मेगाहर्ट्‌झवर. सँडी ब्रिजच्या अंगभूत ग्राफिक्सला हा दुसरा वेग नीट साधत नव्हता. विंडोजच्या यादीत २३ चा पर्याय दिसतो, तो निवडला असे समजून आपण निर्धास्त होतो आणि प्रत्यक्षात टीव्हीला नेमके २४ मिळत राहतात. सेकंदाला ०.०२४ चित्रांची तफावत साठत जाते, ४१.७ सेकंदांत ती एका पूर्ण चित्राएवढी होते आणि त्या क्षणी प्लेअरला एक चित्र दोनदा दाखवावे लागते. एरवी ४१.७ मिलिसेकंद दिसणारे चित्र त्या वेळी ८३ मिलिसेकंद थांबते आणि डोळ्यांना तो हिसका वाटतो. जे मराठी चित्रपट विनातक्रार चालत होते, त्यांच्या फाइलींचा वेग तपासला तेव्हा तो नेमका २४.००० निघाला. म्हणजे दोष फाइलींचा नव्हताच.

ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटासाठी स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला आणि १९२९ साली प्रभातची स्थापना झाली, त्या शहरातल्या घरात पडद्यावरच्या चित्राची लय बिघडलेली असावी, हे मला मनापासून खटकत होते. हाताने हँडल फिरवण्याच्या काळात सारा भार फिरवणाऱ्याच्या लयीवर असे. इथे यंत्र स्वतःच लय धरत असूनही ती चुकीच्या आकड्याला धरत होते.

तुमच्या घरी मोजणी करायची असेल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीनुसार तिचे नाव वेगळे असते, पण नावात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो. ही सोय काही हिसके लपवते आणि काही नवे निर्माण करते, त्यामुळे ती चालू असताना घेतलेल्या मोजणीला अर्थ राहत नाही. त्यानंतर इंटरनेटवरचा नव्हे, तर डिस्कवरचा चित्रपट लावा, मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा फ्रेम रेट, म्हणजे चित्रांचा वेग, पाहून लिहून ठेवा आणि श्रेयनामावली सरकत असताना दहा हिसके मोजून एकूण वेळेला दहाने भागा.

पुढे हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र पाठवले जाते तो आकडा. अंतर ४१ ते ४२ सेकंद आले तर वर सांगितलेले कारण. सुमारे १७ सेकंद आले तर टीव्हीला ५९.९४ ऐवजी नेमके ६० हर्ट्‌झ जात आहे. वेगळा असा हिसका न बसता संथ दृश्य सतत थरथरल्यासारखे वाटत असेल, तर २४ च्या वेगाचा चित्रपट ६० हर्ट्‌झवर चालला आहे. त्यात एक चित्र तीनदा तर पुढचे दोनदा दाखवले जाते, म्हणजे एक ५० मिलिसेकंद आणि दुसरे ३३ मिलिसेकंद टिकते. आणि दर सेकंदाला एक झटका बसत असेल तर २५ च्या वेगाची फाइल २४ हर्ट्‌झवर लागली आहे. आमच्याकडच्या जुन्या मराठी डीव्हीडींच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. त्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या असल्याने त्यांचा वेग २५ होता, त्यामुळे टीव्हीला ५० हर्ट्‌झ मिळाले की त्या लोण्यासारख्या चालतात.

पहिला उपाय कोडीमध्येच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. सेटिंगची पातळी ‘एक्स्पर्ट’ करावी, ‘प्लेअर’मधील ‘व्हिडिओज’ विभागात ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय शोधावा आणि तो ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवावा. म्हणजे चित्रपट सुरू होताना कोडी फाइलीचा वेग पाहून टीव्हीचा वेग बदलतो आणि चित्रपट संपल्यावर पूर्ववत करतो. एकाच फोल्डरमध्ये २३.९७६, २४ आणि २५ अशा तिन्ही वेगांचे चित्रपट असतात, त्यामुळे विंडोजमध्ये हाताने एकच वेग ठरवून ठेवणे हा उपाय नव्हे. ‘सिस्टिम’मधील ‘डिस्प्ले’ विभागात ‘व्हाइटलिस्ट’ नावाची यादी आहे. तिच्यात काही निवडले असेल तर २३.९८, २४, ५०, ५९.९४ आणि ६० या सगळ्यांवर खूण असल्याची खात्री करावी. वेग बदलताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा होतो आणि तेवढ्यात सुरुवातीचा संवाद निघून जातो. त्याच विभागात वेग बदलल्यानंतर थांबण्याचा अवधी ठरवता येतो. आम्ही तो तीन सेकंदांचा ठेवला आहे.

एवढे करूनही बेचाळीस सेकंदांचा हिसका राहिला आणि संगणक सँडी ब्रिजचा असेल, तर दुसरा उपाय ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ हा पर्याय सुरू करण्याचा आहे. त्यात प्लेअर टीव्हीच्या घड्याळाला प्रमाण मानतो, २३.९७६ चा चित्रपट नेमक्या २४ ने चालवतो आणि आवाजही तेवढाच वेगवान करून घेतो. फरक एक हजारांशाचा असल्यामुळे अडीच तासांचा चित्रपट नऊ सेकंद आधी संपतो आणि आवाजातला बदल कानाला कळत नाही. अट अशी की आवाज संगणकातच उलगडला गेला पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरकडे तो न उलगडता जसाच्या तसा पाठवण्याची सोय, म्हणजे पासथ्रू, आणि हा पर्याय एकत्र चालत नाहीत. ज्यांच्याकडे टीव्हीचेच स्पीकर किंवा साधा साउंडबार आहे, त्यांचे यात काहीच बिघडत नाही. आमच्या घरी हा पर्याय सुरू केल्यावर त्याच चित्रपटाची श्रेयनामावली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही हिसका न बसता सरकली. सात महिन्यांची तक्रार एका खुणेने मिटली.

आता अनियमित अडखळण्याबद्दल. घड्याळ लावल्यावर अंतर कधी पाच सेकंद, कधी दोन मिनिटे असे येत असेल, तर वरचे काहीही करून उपयोग नाही. अशा वेळी फाइल उलगडण्याचे काम कोण करत आहे हे आधी पाहावे. कोडीमध्ये चित्रपट चालू असताना कीबोर्डवरचे ‘ओ’ हे अक्षर दाबले की ती माहिती पडद्यावर येते. व्हिडिओ दाबून लहान करून साठवण्याचे वेगवेगळे प्रकार असतात. सँडी ब्रिजचे ग्राफिक्स एच.२६४ हा जुना प्रकार सहज उलगडते, पण एचईव्हीसी हा नवा प्रकार त्याला येत नाही. तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि गर्दीच्या किंवा पावसाच्या दृश्यात चित्र तुटू लागते. इंटेलमध्ये दहा बिट एचईव्हीसी आणि व्हीपी ९ हे दोन्ही ग्राफिक्सवरच नीट उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून, तर एव्ही १ ची अकराव्या पिढीपासून आहे. ब्राउझरमध्ये यूट्यूब अडखळत असेल तर व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. तिथे व्हिडिओचा प्रकार आणि गळालेल्या फ्रेम दोन्ही दिसतात. जुन्या संगणकावर एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाकले की यूट्यूब एच.२६४ पाठवते आणि प्रोसेसरचा जीव भांड्यात पडतो.

दुसरे कारण उष्णतेचे आहे आणि ते मी जास्त गांभीर्याने सांगतो, कारण त्याची सुरुवात फसवी असते. चित्रपट पहिला पाऊण तास उत्तम चालतो आणि मध्यंतरानंतर बिघडतो, त्यामुळे घरच्यांना वाटते की फाइलीचा दुसरा भाग खराब आहे. आमचा संगणक टीव्हीखालच्या प्लायच्या शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड ठेवलेला होता. तिथे गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. चित्रपटाच्या शेवटी प्रोसेसरचे तापमान ९१ अंश भरले. त्यात कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने दमट हवा. आत साचलेली धूळ ओलसर होऊन पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या फटींत घट्ट बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. पेटी उघडून मऊ ब्रशने ती काढली, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली आणि सुताराकडून शोकेसच्या मागच्या प्लायला दोन भोके पाडून घेतली, एक खालच्या बाजूला थंड हवा आत येण्यासाठी आणि एक वर गरम हवा बाहेर जाण्यासाठी. वरच्या भोकावर यूएसबीवर चालणारा संथ पंखा बसवला. आता अडीच तासांनंतरही तापमान ७० च्या खाली राहते. सुताराला बोलावताना एक खबरदारी घ्या: भोके संगणकाच्या मागच्या पंख्यासमोर येतील अशी आधी पेन्सिलने आखून द्या, नाहीतर ती दिसायला सुबक अशा ठिकाणी पाडली जातात आणि हवा मात्र तिथे जात नाही.

वायफायवरून दुसऱ्या संगणकातला चित्रपट पाहणाऱ्यांनी एकदा राउटरपासून लॅनची तार ओढून पाहावी. ब्लू-रेच्या चित्राचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ४० मेगाबिट असतो, त्यामुळे जुने १०० मेगाबिटचे पोर्टही त्याला पुरते. तारेवर अडखळणे थांबले तर दोष वायफायचा आहे हे निश्चित होते.

एक प्रकार मात्र कोणत्याही सेटिंगने सुटत नाही, तो मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओंचा. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचे आमच्याकडे बरेच चित्रण आहे आणि ते नेहमी थोडे थरथरते. मोबाइल प्रकाशानुसार चित्रांचा वेग बदलत राहतो, त्यामुळे अशा फाइलीला एक ठाम वेग नसतोच. मीडियाइन्फो तिथे ‘व्हेरिएबल’ असे दाखवते. जपून ठेवावेत असे व्हिडिओ हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून पुन्हा तयार करून घेतले तर पाहण्याजोगे होतात. मूळ फाइल मात्र पुसू नये.

पुढे एचईव्हीसी फाइली वाढल्या तेव्हा आम्ही जीटी १०३० हे अर्ध्या उंचीचे ग्राफिक्स कार्ड बसवले. ते ३० वॅटमध्ये चालते, त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, दहा बिट एचईव्हीसी ते स्वतः उलगडते आणि २३.९७६ चा वेगही सांभाळते. एव्ही १ त्याला येत नाही. घेताना लहान पेटीसाठीची आखूड पट्टी खोक्यात आहे का ते पाहावे आणि जुन्या संगणकाच्या बायोसशी, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरशी, कार्ड जुळते की नाही, हे दुकानातच बसवून पाहून मग पैसे द्यावेत.

ज्यांनी अजून संगणक घेतलेला नाही, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून किमान चौथ्या पिढीचा घ्यावा, कारण २३.९७६ चा हा दोष इंटेलने तिथे नीट दूर केला. सातव्या पिढीचा मिळाला तर कार्डाचाही खर्च वाचेल. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन फाइली न्याव्यात, एक २३.९७६ ची आणि एक २५ ची, दोन्हींत सरकती श्रेयनामावली असावी. संगणक तिथल्या टीव्हीला लावायला सांगावा, प्रत्येक फाइल किमान दोन मिनिटे पाहावी आणि पहिला हिसका दिसताच स्टॉपवॉच सुरू करावे.